घरच्यांना कोण विचारतं

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी मेल उघडला आणि चहा तसाच राहिला. चिपळूणच्या एका फोटोग्राफरने लिहिलंय. 'आपल्या ब्लॉगवरील लेखात वापरलेला पुराचा फोटो माझा आहे. त्या दिवशी मी शेजाऱ्याच्या छपरावर बसून तो काढला. खाली आपण "फोटो सौजन्य : इंटरनेट" असं लिहिलं आहे. इंटरनेट कुठल्या छपरावर बसलं होतं?'
आधी राग आला, मग लाज वाटली. मी सगळीकडे हेच लिहिते. सौजन्य लिहिलं की झालं, अशी माझी खरोखरच समजूत होती. आणि आठवी ब च्या मुलांवर 'संदर्भ लिहा, संदर्भ लिहा' म्हणून ओरडत असते!
सुहासला दाखवलं, नवऱ्याने धीर द्यावा म्हणून. म्हणाला, "माणूस विनोदी आहे. थोडक्यात वाचलीस."

११ फेब्रुवारी
माफीचं लिहून पाठवलं. फोटो काढून टाकला. 
संध्याकाळी उत्तर. मोरे म्हणून आहेत. 'काढलात, आभार. विचारलं असतंत तर दिलाही असता. लोक विचारतच नाहीत, एवढंच वाईट वाटतं.'
यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं.

१६ फेब्रुवारी, रवि.
जुने लेख एकेक उघडून बसले. फणस कुणाचा, ठाऊक नाही. गणपतीपुळ्याचा सूर्यास्त कुणाचा, ठाऊक नाही. मोदक, होड्या, कातळावरची फुलं. सोलकढीसुद्धा परक्याची! घरात दिवसाआड सोलकढी होते आणि फोटो भलत्याच कुणाच्या वाटीचा.
सगळे काढले. ब्लॉग आता विसर्जनानंतरच्या मखरासारखा दिसतो.

२ मार्च, रवि.
या परवान्यांचं प्रकरण वाटलं तेवढं किचकट नाही. लोक आपले फोटो एका साइटवर मोकळे करून ठेवतात. कुणी म्हणतं नाव द्या आणि वापरा. कुणी म्हणतं वापरा, पण धंद्यासाठी नको. कुणी म्हणतं बदलू नका. अटी वाचायच्या, खाली नाव द्यायचं, संपलं. खेड स्टेशनचा एक सुरेख फोटो मिळाला. काढणारा कुठला कोण, पण त्याने तो मला न ओळखता दिला. नाव टाकलं, परवान्याचा दुवा टाकला. किती दिवसांनी ताठ मानेने काही छापलं.
आता ठरलं. शक्यतो स्वतःचे फोटो. आणि आपलेही असेच मोकळे ठेवायचे. नुसतं घेत राहायचं हे बरं नव्हे.

१८ मार्च
शिमग्याला माहेरी. दादा नाही या वर्षी. बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर उतरायचा होता, पण त्याच्या जागी जाणारा माणूस आलाच नाही, मुक्काम वाढला. आईचं सकाळपासून 'आमचा बाबू नाय, बाबू नाय' चाललेलं. शुभावहिनी काही बोलत नव्हती. ती बोलत नाहीच फारशी. घावने घालत होती.
या वेळी ठरवून गेले होते, विचारल्याशिवाय एकही फोटो नाही. मानकऱ्यांना विचारलं. गुरवांना विचारलं. पालखीखालच्या पोरांना विचारलं तर त्यांनी केस विंचरून घेतले. ढोलवाल्याने फोनवर लिहून दिलं, 'माजी हरकत नाय.' आई म्हणाली, "ही गावात मता मागीत फिरल्यासारखी काय फिरतेय?"
दुपारी पालखी आमच्या अंगणात, खळ्यात आली. नाचवली. वहिनी ओटी भरायला पुढे झाली. नारळ, तांदूळ, खण. ओटी भरून तिने मान वर केली आणि तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. पुसलेही नाहीत तिने. मी काढला. एकच काढला.
इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढलेला नाही.

२३ मार्च, रवि.
शिमग्याचा लेख टाकला. फोटो साइटवर चढवले. प्रत्येकाला शीर्षक मागतात, त्याशिवाय लोकांना शोधता येत नाही. वहिनीच्या फोटोला लिहिलं, 'पालखीपुढे नवस बोलणारी कोकणी स्त्री'. लग्नाला एवढी वर्षं झाली, घरात पाळणा नाही. देवापुढे रडली ती आणखी कशाला.
परवान्यात 'नाव द्यावे' यावर खूण केली. 'व्यावसायिक वापर नको' यावर नाही केली. मोरेंचं वाक्य डोक्यात होतं. म्हटलं, कुणाला विचारायलाच लागू नये. कुणीही घ्या, कशालाही घ्या.
वहिनीला लेख पाठवला. उत्तर आलं, 'बरा आलाय'. तिच्या मानाने हे खूप झालं.

६ एप्रिल
लेख बराच फिरला. वहिनीच्या फोटोवर सगळ्यांची नजर. मोरेंचाही मेल. 'हा फोटो पाहून थांबलो. त्यांची परवानगी घेतलीत ना?' मी लिहिलं, 'घरच्याच आहेत, माझी वहिनी.'


९ मे, शुक्रवार
 
मावसबहिणीने ग्रुपवर एक जाहिरात टाकली. 'अगो ही आपली शुभा ना?' मुंबईकडचं कुठलंसं वंध्यत्व उपचार केंद्र. वहिनीचा चेहरा, अगदी जवळून कापलेला, पालखी गेली, ढोल गेले, फक्त डोळे आणि पाणी. वर मोठ्या अक्षरांत, 'नवस करून थकलात? आता उपचार घ्या.' खाली बारीक अक्षरांत माझं नाव. पूर्ण. आणि परवान्याचा दुवा, जिथे द्यायला हवा तिथेच.
सगळं नियमाप्रमाणे. माझा फोटो इतक्या काटेकोरपणे आजवर कुणीच वापरला नव्हता.
सुहास घरी आल्यावर म्हणाला, "तूच तर दिलायस." त्याला भांडायचं नव्हतं, तो नुसतं खरं बोलला. मी मात्र भांडले.

१० मे, शनि.
सकाळच्या एसटीने गावी. वहिनीने आधीच पाहिलेलं. जाहिरात तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचली, चार घरांतून चार वेळा. मी पायरीवरच 'वहिनी, अगं' म्हणून सुरुवात केली तर म्हणाली, "आधी पाणी पी."
आई तापलेली. "घराची अब्रू घालवलीस. शेजारीण विचारते, शुभाचा काय इलाज चाल्लाय? दुसरी विचारते, नीलमला किती मिळाले?" म्हणजे मी विकला असंच सगळ्यांनी धरलंय. नाव आहे ना खाली.
वहिनी भांडी घासायला मागच्या दारी गेली ती मी निघेपर्यंत तिथेच.

११ मे
साइटवरून फोटो काढला. परवाना बदलायला गेले तर स्पष्ट लिहिलेलं, ज्याने आधी मोकळा घेतला त्याचा हक्क जात नाही. दिलेलं परत घेता येत नाही. मार्चमध्ये हेच वाक्य वाचून मला केवढं भरून आलं होतं.
उपचार केंद्राला मेल केला. विनंती, विनंती, विनंती.

१३ मे
दादा.
बोटीवर त्याच्या हाताखालच्या गुहागरच्या मुलाने त्याला दाखवलं. "साहेब, ही वहिनीसारखी दिसते बघा." काल त्याचा वहिनीला फोन. तिनेच सांगितलं मला, अगदी सपाट आवाजात. "ह्यांनी विचारलानी, तू कधी गेली होतीस? मी म्हटला, कुठं? तर गप्प. मग फोन ठेवलानी."
यामागचं मला ठाऊक आहे, आईलाही आहे, कुणी बोलत नाही. मागे रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या सांगितल्या होत्या. वहिनीने केल्या. तिचं सगळं ठीक निघालं. दादा बोटीवर गेला, आला, परत गेला. विषय निघाला की ताटावरून उठतो. आता त्याला वाटतंय की ती त्याच्या पाठीमागे तिकडे जाऊन आली, रडली, आणि जगाला सांगून बसली की दोष कुणात आहे.
मी फोन लावला. "दादा, तो फोटो मी..."
"तुझं नाव वाचलं मी खाली."


१४ मे
पेपर तपासायचे पडलेत. एकही नाही झाला.

१९ मे
केंद्राचं उत्तर. सभ्य, थंड. फोटो व्यावसायिक वापरासाठी मोकळा होता. छायाचित्रकाराचं नाव दिलेलं आहे. आपण नंतर काढून टाकलात तरी आमचा वापर वैध आहे. मात्र फोटोतील व्यक्तीची स्वतःची हरकत असेल, तर 'माझा फोटो मला न विचारता काढला व प्रसिद्ध केला' असं तिने स्वतःच्या सहीने, ओळखपत्र जोडून कळवावं. मग जाहिरात मागे घेऊ.
मोरेंना फोन केला. पहिल्यांदाच बोललो. म्हणाले, "मी विचारलं होतं तुम्हाला. परवाना फोटोचा असतो, बाई. फोटोतल्या माणसाचा परवाना तुमच्या हातात नसतो." मग म्हणाले, "पण मार्ग आहे हे नशीब समजा. सही घ्या."
मार्ग आहे. वहिनीने लिहून द्यायचं की नणंदेने मला विचारलं नाही. खरंच आहे ते. ढोलवाल्याला विचारलं मी! त्याची हरकत नाही हे लिहून घेतलं, आणि हिला विचारायचं डोक्यातही आलं नाही. घरची ना.

२२ मे
पत्र छापून घेऊन गेले. वहिनी पडवीत कोकमं फोडत बसलेली, हात मनगटापर्यंत लाल. मी शेजारी बसून पत्र वाचून दाखवलं. ती फोडत राहिली.
"नवस कुणी सांगितलान तुला?"
मला आधी कळेचना.
"खाली लिहिलायस ना, नवस बोलणारी. कुणी सांगितलान?"
"मला वाटलं..."
"तुला वाटला. आईंना वाटला. आता त्या डॉक्टरलाही वाटला. मला विचारलास कुणी, मी काय बोलत होते?"
मग सांगितलं. मान खाली घालूनच. आमच्या दारात पालखी आली की दादा पुढचा खांदा देतो. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यापासून तिने असंच पाहिलंय, ओटी भरायची, मान वर करायची, समोर तो घामाने निथळलेला, हसत. या वर्षी शेजारचा महेश होता. "मान वर केली नि महेश दिसला. एवढाच झाला."
एवढंच. नवस नाही, मूल नाही, काही मागणं नाही. बाईला नवऱ्याची आठवण आली, आणि मी तिला वांझपणाचं चित्र करून टांगलं. हा शब्द मी आजवर उच्चारलेला नाही. लिहिताना पेन अडलं, तरी लिहिला, कारण केलं मी तेच.
म्हटलं, वहिनी, मग तर सही करच. दादाला सांग. सगळं साफ होईल.
"त्या दवाखान्यात माझा आधारकार्ड देऊ? उद्या कुणी तिकडे चौकशी केली, शुभांगी नावाची बाई तुमच्याकडे होती काय, तर नाव निघेल नाय?"
मी समजावायला लागले. असं नसतं, ही फक्त हरकत आहे, पेशंटची नोंद वेगळी, कायद्याने...
"तुझा कायदा मला नको सांगू, नीलम. तुझ्या कायद्यात सगळा बरोबरच होता."
पत्र घेऊन परत आले.

२५ मे, रवि.
वाटलं होतं ती चिडेल, रडेल. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. फोनवर नेहमीसारखं, आमसुलं वाळली, पाठवते.
जाहिरात आज एका पालक ग्रुपवर आली. माझ्याच शाळेच्या. एका आईने खाली लिहिलं, 'किती बोलका चेहरा.'

३० मे
दादा उतरतोय. तारीख नक्की झाली. आईने देवाला साखर ठेवली. वहिनीचा मेसेज, 'येतायत.' पुढे काही नाही. खूप वेळ 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं, मग तेही गेलं.
सुहास म्हणतो, तू मध्ये पडू नकोस आता. मी पडलेलीच आहे.

७ जून, शनि.
दादा काल आला. आज मी गावी गेले. सुहास येतो म्हणाला होता, नको म्हटलं.
वाळलाय. पडवीत बॅग उघडी टाकून बसलेला, आईला साबण आणि बदाम काढून देत होता. माझ्यासाठी अत्तराची बाटली आणलेली, ती दिली, पण वर न बघता. जेवताना फक्त आई बोलली. वहिनीने त्याच्यासाठी सरंगा तळला होता. तो "मस्त झालाय" म्हणाला ते सरंग्याकडे बघून.
जेवणानंतर म्हणाला, "तो फोटो दाखव. पूर्ण असेल तो."
लॅपटॉप नेलेला होता. उघडून दिला. त्याने बराच वेळ पाहिला. मोठा केला, सरकवला. वहिनीचा चेहरा बाजूला गेला आणि पालखीचा दांडा आला, त्याखाली एक खांदा, गुलालाने माखलेला.
"ह्यो कोण?"
"महेश."
"माझ्या जागी."
वहिनी चहा घेऊन दारात येऊन थांबली होती. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. मलाच विचारलं, "काय नवस बोलत होती ही?"
"नवस नव्हता, दादा. ते मी लिहिलं. माझ्या मनाने."
"मग रडत कशाला होती?"
जिभेवर आलं होतं. दोन वाक्यांत सगळं सुटलं असतं, निदान मला तसं वाटलं. पण मी वहिनीकडे पाहिलं आणि विचारलं, "सांगू?"
तिने मान हलवली. नको.
दादाला ते दिसलं. त्याचा चेहरा आवळला. म्हणाला, "बरं. हा फोटो तिला विचारून काढलास?"
नाही म्हणायला मी तोंड उघडलंच होतं.
"विचारलान की," वहिनी म्हणाली. "मीच होय म्हटला." कप त्याच्यापुढे ठेवला, बशी सारखी केली आणि आत गेली.
दादा माझ्याकडे बघत राहिला. मी उघडलेलं तोंड मिटलं. त्याने चहा घेतला, लॅपटॉप हळूच मिटला आणि आईला म्हणाला, "पुढच्या शिमग्याला मी उतरणार. काय होईल ते होईल." आई रडायला लागली. आत भांड्यांचा आवाज जरा थांबला आणि परत सुरू झाला.
निघताना वहिनी बेड्यापर्यंत, रस्त्याकडच्या फाटकापर्यंत पोचवायला आली. आमसुलांची पिशवी दिली. मी विचारलं, "खोटं का बोललीस? आता सही कशी करणार तू? पत्रात तर उलट आहे, मला विचारलं नव्हतं म्हणून."
"करीन नायतर नाय करीन. बघू."
"पण का?"
ती रस्त्याकडे बघत होती, एसटी येते का म्हणून. म्हणाली, "मग काय सांगू ह्यांना? ह्या घरात मला कुणी काय विचारीत नाय, असा सांगू? ह्यांनी तरी आल्यापासून मला काय विचारलानी?"
एसटी आली. मी चढले. पत्र पर्समध्ये आहे, सहीची जागा रिकामी.